हवा समाधानकारक

घरातली हवा मोजण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. आता मोठ्या शहरांत लोक नव्या घराला रंग दिल्यावर राहायला जाण्याआधी हवा तपासून घेतात, त्यासाठी यंत्रं घेऊन माणसं येतात आणि छापील अहवाल देतात, असं माझा पुतण्या सांगतो. आम्ही ते काम करायचो तेव्हा त्याला धड नावही नव्हतं. यावलकडच्या खेड्यांत आम्हाला ‘धूरवाले’ म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं. त्या वर्षांत शेकडो घरांचे कागद मी भरले. त्यातला एक मी खोटा भरला. बाकीच्या घरांचं आता फारसं काही आठवत नाही. त्या एका घराचं सगळं आठवतं.

मी मूळचा धुळ्याचा. रसायनशास्त्रात पदवी घेऊन जळगावातल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागलो, ती ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. गावोगावी तेव्हा चुलीच. संस्थेनं एक प्रकल्प घेतला होता: जामनेर, यावल आणि एदलाबाद या तीन तालुक्यांतल्या गावांत जायचं, बायका स्वयंपाक करत असताना त्यांच्या नाकापाशी किती धूर असतो ते मोजायचं, आणि ज्या घरांत धूर जास्त निघेल त्यांची नावं पुढं पाठवायची. त्या घरांना धुराडं असलेली निर्धूर चूल आधी मिळणार होती.

काम तसं सोपं होतं, पण किचकट. तळहाताएवढा पांढरा गोल गाळणकागद प्रयोगशाळेत एक दिवस कोरडा करून, चिमट्यानं उचलून, काट्यावर तोलायचा. तो एका डबीत बसवायचा. गावात गेल्यावर चुलीपासून हातभर अंतरावर, बाई बसल्यावर तिचं नाक येईल तितक्या उंचीवर ती डबी दोरीनं टांगायची आणि बॅटरीचा पंप सुरू करायचा. पंप हवा ओढायचा, धुराचे कण कागदावर अडकायचे. परत येऊन कागद पुन्हा तोलायचा. वजन जितकं वाढलं तितका धूर. खरं तर तोलायचीही गरज नसायची. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळणाऱ्या घरातला कागद तासाभरात तव्याच्या बुडासारखा व्हायचा.

नियम एकच होता, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, तो दर वेळी जीपमध्ये बसण्याआधी सांगायचे. स्वयंपाक रोजच्यासारखा पाहिजे. रोजचंच सरपण, रोजचीच भाकरी. आपण आलोत म्हणून काही वेगळं नको. तसं झालं तर घर सोडून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

यावल तालुक्यातल्या त्या गावात आम्ही चार दिवस होतो. गाव केळीच्या बागांत अर्धं बुडालेलं. शेवटच्या दिवशी माझ्याकडं तीन घरं उरली होती आणि जीपला दुपारी निघायचं होतं. तिसरं घर गावातल्या एका वजनदार माणसाचं. केळीची बाग, कोरडवाहूत कपाशी, दारात बैलजोडी. गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांनी ओट्यावर सतरंजी अंथरून ठेवली होती.

“साहेब, जे काय निघंल ते लेखी द्या,” आबा म्हणाले. “तोंडी कोणाचं खरं धरता येत नही.”

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. गावातल्या मोठ्या माणसाला कागदाचा सोस असतो, एवढंच मी समजलो.

आत गेलो तर स्वयंपाकघर त्याच सकाळी सारवलेलं. काजळी धरलेल्या भिंतीला खालून पुरुषभर उंचीपर्यंत चुना मारला होता. वरचा भाग आणि आढं काळंकुट्ट तसंच. खिडकी नव्हतीच. एका भिंतीत वर मूठभर झरोका, तोही चिंध्यांनी बुजवलेला. चूल थंड होती आणि तिच्याशेजारी पितळी स्टो फरफरत होता. त्यावर शिरा चालला होता.

“अक्का, चूल का नाही पेटवली?” मी आबांच्या बायकोला विचारलं.

“तुम्ही शहरातले माणसं. धुरात कशाले बसवू तुम्हाले?” त्या हसून म्हणाल्या. “घासलेट आहे घरात. स्टोवर करतो आज.”

त्यांच्या मनात काही खोट नव्हती, हे मी आज खात्रीनं सांगतो. घर काळं दिसतं याची त्यांना लाज वाटत होती. पाहुणे येणार म्हणून त्यांनी घर आवरलं होतं, इतकंच.

शिरा ढवळत होती ती त्यांची सून. विशी ओलांडलेली, अंगानं वाळलेली. मी डबी टांगेपर्यंत ती चारपाच वेळा खोकली असेल. पदर तोंडाशी धरून, तोंड भिंतीकडं करून खोकायची, म्हणजे सासऱ्यापर्यंत आवाज जाऊ नये. एक अडीच-तीन वर्षांची मुलगी तिच्या पाठीला लोंबकळत होती.

मी पंप सुरू केला. इथंच मी थांबायला हवं होतं. पण गावातल्या घरांचा ठरलेला आकडा पुरा करायचा होता, जीपचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी एका घरासाठी यष्टीनं परत यायचं माझ्या जिवावर आलं होतं. फॉर्मवर ‘सरपण’ असा रकाना होता. त्यात ‘स्टो’ लिहिलं असतं तर ते घर बाद झालं असतं. मी खळ्याकडं पाहिलं. तिथं पऱ्हाट्यांची माणसाच्या उंचीची गंजी होती. मी लिहिलं, ‘पऱ्हाट्या व गोवऱ्या’. स्वतःलाच सांगितलं, यात खोटं काय? जाळतात ते हेच.

तास झाल्यावर डबी काढली आणि मागच्या अंगणात हात धुवायला गेलो. ती सून तांब्या घेऊन आली. हातावर पाणी घालता घालता खाली मान घालूनच बोलली.

“भाऊ, हे रोजचं नही. स्टो आमच्या घरात वर्षातून दोनदा पेटतो. रोज पऱ्हाट्याच जळता. धुरात मले दिसत नही समोरचं.”

“बरं,” मी म्हणालो.

“तुम्ही उद्या या, नही तर परवा या. पण आजचं लिहू नका.”

“फॉर्म भरून झाला वहिनी. पुढच्या फेरीत तुमचं घर पुन्हा घेऊ.”

तिनं तांब्यात उरलेलं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं. “मी असं बोलली ते घरात सांगू नका,” एवढंच म्हणून आत गेली.

मी घरात काही सांगितलं नाही. तिचं तेवढं ऐकलं.

प्रयोगशाळेत कागद तोलला तेव्हा सर शेजारीच उभे होते. बाकीचे सगळे कागद काळे, आणि हा एक जेमतेम पिवळसर. सरांनी फॉर्म हातात घेतला. “पऱ्हाट्या जाळून इतका कमी?”

मला पुन्हा एक संधी मिळाली होती. मी म्हणालो, “खिडकी मोठी आहे सर. समोरासमोर दार. वारा चांगला खेळतो.”

सरांनी मान हलवली आणि पुढचा फॉर्म उचलला. खिडकीच्या रकान्यात मग मी त्यांच्यामागं ‘एक, मोठी’ असं लिहून टाकलं.

महिनाभरानं त्या भागात पुन्हा जाणं झालं तेव्हा आबांचा लेखी निकाल मीच नेऊन दिला. संस्थेच्या कागदावर माझ्याच अक्षरात: ‘आपल्या स्वयंपाकघरातील हवेत धुराचे प्रमाण अल्प आढळले. हवा समाधानकारक.’ खाली सरांसाठी म्हणून माझी सही. आबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला. सून दिसली नाही. शेतावर असेल. मीही विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दुसरी फेरी निघाली. या वेळी बरोबर एक डॉक्टर होते. घरच्या बायकांची छाती तपासायची आणि खोकल्याची नोंद घ्यायची असं ठरलं होतं. त्या घरासमोर जीप थांबली तेव्हा ओट्यावर ती लहान मुलगी एकटीच बसली होती. आबांनी आम्हाला ओळखलं, बसवलं, चहा सांगितला.

डॉक्टरांनी सुनेबद्दल विचारलं.

“ती माहेरी आहे,” आबा म्हणाले. “आता येणार नही.”

मग त्यांनी मोकळेपणानं सगळं सांगितलं. सुनेचा खोकला वाढत गेला. वजन उतरलं. गावात कुजबुज सुरू झाली की हिला क्षय आहे. तिचं ताट-वाटी वेगळी केली, पोरगी तिच्याजवळून काढून सासूच्या कुशीत दिली. तिचा बाप जामनेरकडून आला आणि म्हणाला, माझी लेक धडधाकट होती, तुमच्या घरातल्या धुरानं तिची छाती गेली, शहरात नेऊन दाखवा. यावरून दोन्हीकडचे पाहुणे बसले.

“बापाचं एकच पालुपद, धूर, धूर,” आबा म्हणाले. “तेव्हा मी तुमचा कागद काढला.”

ते आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला तो कागद घेऊन आले. सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवला होता.

“तिच्या बापाले वाचता येत नही. त्यानं तो त्यांच्याकडच्या एका मास्तरच्या हातात दिला. मास्तरनं मोठ्यानं वाचला. मग बोलायले काही राह्यलंच नही. आमच्या घरात धूर नही, हे तुम्ही मोजून दिलंय. मग खोकला माहेरचाच ना? बाप उठला आणि लेकीले घेऊन गेला. पोरगी आम्ही ठेवून घेतली. तिले कशाले त्या रोगात धाडायचं?” आणि मग माझ्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, “तुमचे उपकार आहेत साहेब. कागद नसता तर भांडण वर्षभर चाललं असतं.”

चहा आला. डॉक्टर काहीतरी लिहीत होते. मी कप उचलला आणि तो चहा प्यायलो. तोंडातून एक शब्द काढला नाही. तेव्हा बोललो असतो तर डॉक्टर ऐकणार होते, ते सरांना सांगणार होते, नोकरी जाणार होती, असं सगळं मनात येऊन गेलं. पण खरं कारण इतकं मोठं नव्हतं. त्या माणसानं माझे आभार मानले होते आणि त्याच्या तोंडावर मी खोटारडा आहे असं सांगण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. परतीच्या वाटेवर डॉक्टर म्हणाले, “त्या बाईची थुंकी कुणी तपासली असेल का?” मी म्हणालो, “काय माहीत.”

त्यानंतर मी काही महिने घालवले. सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, असं करत. चैत्र संपत आला तेव्हा दोन दिवसांसाठी धुळ्याला घरी गेलो होतो. आई चुलीपुढं बसून भाकरी करत होती आणि मी उंबऱ्यात बसून तिला बघत होतो. का कोण जाणे, तिलाच मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुंकणीनं जाळ केला, खोकली.

“तो कागद तूच लिखा ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“मंग तूच जाईसन सांग.”

 ती रागावली नाही. मला वाढलं. पण दुसऱ्या दिवशी निघताना नेहमीसारखी ओट्यापर्यंत आली नाही.

सोमवारी सरांच्या खोलीत गेलो आणि फॉर्म खोटा भरल्याचं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग रजिस्टर मागवून त्या घराच्या ओळीवर लाल रेघ मारली. “एक घर गेलं तरी सरासरीत काही फरक पडत नाही,” ते म्हणाले. “पुन्हा असं करू नकोस.” मी त्यांना बाईबद्दलही सांगितलं.  “हे आपल्या हातातलं नाही,” ते म्हणाले. “पण तुला जायचं असेल तर रविवारी पंप घेऊन जा. मी विचारणार नाही.”

आधी मी जामनेरकडं तिच्या माहेरी गेलो. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. झाडाझाडांना झोके बांधलेले, सासरी नांदणाऱ्या पोरी माहेरी आलेल्या, गाणी चाललेली. तिच्या बापाचं घर गावाच्या टोकाला. मी धूरवाला म्हणून ओळख सांगताच तो उठून गोठ्याकडं गेला. ती अंगणात होती. त्या घरची चूल अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, तिन्ही बाजू मोकळ्या. ती भाकरी थापत होती. अंगावर मांस आलं होतं. मी तासभर तिथं होतो, तेवढ्या वेळात ती एकदाही खोकली नाही.

“थुंकी तपासली,” तिनं स्वतःच सांगितलं. “जळगावले, मोठ्या दवाखान्यात. तीनदा. काही निघालं नही. डॉक्टर बोलला, धुरापासून लांब राहा. इथं येऊन पाचसहा महिन्यात गेला खोकला.”

“तो कागद चुकीचा होता, हे सांगायला आलो,” मी म्हणालो.

“मले माहीत आहे ते. मी तुम्हाले तेव्हाच सांगेल होतं.”

तिचा आवाज चढला नाही. भाकरी तव्यावर टाकून तिनं हात झटकले.

“मले सांगून काय? तिकडं जाऊन सांगा.”

“जाणार आहे. येत्या रविवारी.”

तिनं जाळ पुढं सारला. मग विचारलं, “पोरगी दिसली का तुम्हाले?”

“हिवाळ्यात दिसली होती. ओट्यावर बसली होती.”

“अंगात काय होतं तिच्या?”

मी आठवून बघितलं. त्या दिवशी चहाचा कप कोणत्या रंगाचा होता ते मला आठवत होतं. आबांच्या पेटीचं कुलूप आठवत होतं. मुलीच्या अंगात काय होतं ते आठवेना.

“केस कापले का तिचे? का वाढवले?”

“लक्ष नाही गेलं वहिनी.”

तिनं मान हलवली. जेवायला थांबा असंही म्हणाली, रिवाज म्हणून. मी थांबलो नाही.

रविवारी यावलची यष्टी धरली. मांडीवर पंपाची पिशवी होती. तिथून पुढं बागांमधल्या रस्त्यानं चालत गेलो. आबांच्या दाराला आंब्याच्या पानांचं वाळलेलं तोरण होतं. मांडवाच्या मेढींची भोकं अंगणात अजून बुजलेली नव्हती. ते बघूनच मी समजलो, तरी आत गेलो.

आबा ओट्यावर होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. स्टो चालू होता, मी पऱ्हाट्या लिहिलं. खिडकी नव्हती, मी मोठी लिहिली. तुमच्या सुनेनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिला क्षय नाही. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही.

“तपासा आता,” ते म्हणाले.

आत स्वयंपाक चालूच होता. धुरानं खोली भरलेली, दारातून आत पाहिलं तर आधी फक्त जाळ दिसायचा. चुलीपुढं नवी सून होती. हिरव्या बांगड्या, हातावरची मेंदी अजून उतरायची होती. डोळे पुसत पुसत ती पऱ्हाट्या सारत होती. सासू बाजूला बसून भाजी चिरत होती. मला बघून तिनं पदर सावरला. मी डबी टांगली.

तासानं कागद बाहेर आणून आबांच्या समोर धरला. मधोमध काळा गोल, कडेला जिथं डबीची रिंग होती तिथं पांढरी रेघ. त्यांनी बोट लावलं. बोट काळं झालं. सासू दारात येऊन उभी राहिली होती.

“पोराचं लग्न झालं,” आबा म्हणाले. “महिना होत आला. पहिलीची फारकत झाली, कागद झाले, सगळं झालं.”

“हो. दिसलं.”

“तुम्ही हिवाळ्यात आले होते. इथंच बसले होते. चहा प्याले होते.” ते बोटाची काजळी अंगठ्यानं चोळत राहिले. “तेव्हा बोलले असते तर मी स्वतः बैलगाडी जुंपून तिले आणायले गेलो असतो.”

ते गेले असते का, मला माहीत नाही. माणूस ताठ होता, आणि पाहुण्यांत शब्द गेलेला होता. पण ते तसं म्हणाले, आणि त्यांना ते खरं वाटत होतं. मी मान खाली घातली. आता निघावं म्हणून पंप पिशवीत भरू लागलो. मग वाटलं, इथवर आलोच आहे तर एक तरी मागून बघावं.

“मुलीला तरी आईकडं जाऊ द्या आबा. रोग नाही तिला.”

“पोरगी आमची आहे.”

“तुमचीच आहे. सुट्टीत जाऊ द्या.”

 उत्तर सासूनं दिलं. दारातूनच, नवऱ्याकडं न बघता.

“धाडू. आखाजीले दरवर्षी धाडू.” आणि मग माझ्याकडं बघून, “तो स्टो मीच पेटवेल होता, भाऊ. मले काय माहीत.”

तिचं हे बोलणं मला आबांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. तिला माहीत नव्हतं हे खरंच होतं. माहीत मला होतं.

त्या पावसाळ्याच्या आधी आबांनी स्वयंपाकघराची मागची भिंत फोडून खिडकी बसवली आणि कौलांतून धुराडं काढलं, असं मला पुढं गावातल्या एकाकडून कळलं. नव्या सुनेला त्या घरात कधी खोकला झाला नाही म्हणे. माझ्या मोजणीचा उपयोग झाला तो असा. जिच्यासाठी व्हायला हवा होता तिला नाही, तिच्या जागी आलेलीला. प्रकल्पाचा अहवाल छापून आला तेव्हा मी सगळे तक्ते तपासले. ते घर कुठंच नव्हतं. लाल रेघ मारलेली, म्हणजे नव्हतंच.

नव्वदच्या दशकात प्रकल्प संपला. मी पाण्याच्या तपासणीकडं गेलो. गावांतून हळूहळू गॅस आला, ज्यांना परवडला त्यांच्याकडं. मी मधून मधून जामनेरकडं गेलो की तिच्या घरी डोकावायचो. का जायचो ते नीट सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणावं, तर ती मी एकदाही धड मागितली नाही. तिचा बाप वारला. ती गावातल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. पुन्हा लग्न केलं नाही. मी गेलो की ती चहा द्यायची, दोन शब्द बोलायची, कामाला लागायची.

शेवटचा गेलो तेव्हा उन्हाळा होता. मुलगी आलेली होती, आखाजीची. तेराचौदा वर्षांची झाली असेल. आईसारखीच अंगानं सडपातळ, पण बोलायला धीट. तिनंच मला बाज टाकून दिली, पाणी आणून दिलं आणि समोर बसली. आई दारात गहू निवडत होती.

“तुम्ही कोण?” मुलीनं विचारलं.

मी तिच्या आईकडं पाहिलं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

“ते धूरवाले भाऊ,” ती म्हणाली. “घरातली हवा मोजत.”

“हवा कशी मोजता?” मुलीला खरंच नवल वाटलं. “दिसत तर नही ती.”

मी सांगू लागलो. पांढरा कागद असतो, तो तोलायचा. पंप असतो, त्याची डबी चुलीपाशी टांगायची. मुलगी गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होती, मधूनमधून प्रश्न विचारत होती. पंप किती मोठा, आवाज करतो का, बाईला त्रास होतो का. मग म्हणाली, “आणि मोजून झाल्यावर काय करता? घरच्यांना सांगता?”

“हो,” मी म्हणालो. “लेखी देतो.”

तिची आई सूप बाजूला ठेवून उठली आणि आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली असेल. मी मुलीशी बोलत राहिलो. तिची शाळा, यावलची बस, केळीच्या बागा. बसची वेळ होत आली तरी आतून भांड्याचा आवाज आला नाही. मुलगीच मला रस्त्यापर्यंत सोडायला आली.